गिटच्या पोटात काय असतं ते एकदा उघडून बघा

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांसाठी स्टॉक-डिस्पॅचचं सॉफ्टवेअर करणारी आमची छोटी टीम आहे. नवीन पोरं मुलाखतीला आली की मी गिटबद्दल, म्हणजे कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनाबद्दल, एक प्रश्न हमखास विचारतो: कमिटमध्ये (जपून ठेवलेल्या एका आवृत्तीत) काय साठतं? "सर, बदललेल्या ओळी," असंच उत्तर बहुतेकदा येतं. मग मी लॅपटॉप त्यांच्याकडे सरकवतो आणि 'गिट कॅट-फाइल -पी हेड' टाइप करायला लावतो; हेड म्हणजे सध्याचं कमिट.

स्क्रीनवर ट्री, पेरेंट, ऑथर, कमिटर आणि खाली मेसेज येतो. बदललेली ओळ एकही नाही. ट्रीपुढचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला लांबलचक ओळख-क्रमांक, उचलून तीच कमांड दिली की फोल्डरची यादी मिळते, यादीतल्या ब्लॉबचा (फाइलच्या मजकुराचा) हॅश दिला की अख्खी फाइल. डिफ, म्हणजे दोन आवृत्त्यांतला फरक, गिट मागाहून, दोन ट्री ताडून काढतं. फाइल बदललीच नसेल तर नव्या ट्रीतही जुनाच हॅश येतो, म्हणून जागा फुगत नाही. ट्युटोरियलचे व्हिडिओ बघण्यापेक्षा हे स्वतः करून पाहणं जास्त उपयोगाचं, असं माझं ठाम मत आहे.

कॅट-फाइलला '-पी'ऐवजी '-टी' दिलं की ऑब्जेक्टचा (कमिट, ट्री, ब्लॉब ही सगळी ऑब्जेक्ट्सच) प्रकार कळतो, '-एस' दिलं की आकार. लिनक्सवर 'कोल्हापूर' एवढाच शब्द इको करून 'गिट हॅश-ऑब्जेक्ट -डब्ल्यू --एसटीडीइन'कडे पाठवा आणि मिळालेला हॅश देऊन त्या ऑब्जेक्टचा आकार विचारा. २८ येतं. काना-मात्रा, हलन्त धरून ९ चिन्हं, यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात प्रत्येकी ३ बाइट, वर शेवटच्या न्यूलाइनचा १. फाइलचं नावच मराठीत असेल तर ट्रीच्या यादीत उलट्या तिरक्या रेघा आणि आकडे दिसतील. घाबरू नका, 'कोअर.कोटपाथ' ही गिटची सेटिंग फॉल्स करा.

ऑब्जेक्ट्सच्या फोल्डरमध्ये थेट डोकावलात तर हॅशच्या पहिल्या २ अक्षरांचं उपफोल्डर आणि उरलेल्या ३८ अक्षरांची फाइल दिसते. ती साध्या 'कॅट'नं वाचता येत नाही, झेडलिब या कॉम्प्रेशन लायब्ररीनं दाबलेली असते. 'गिट जीसी' (गिटची साफसफाई) झालं की यातल्या बऱ्याच फाइली पॅकमध्ये, म्हणजे एकत्र बांधलेल्या फाइलीत, जातात; कॅट-फाइल तिथूनही काढून देते.

याचा खरा उपयोग 'सर, सगळं गेलं की ओ!' अशी हाक आल्यावर होतो. कुणीतरी फाइल ॲड करून (पुढच्या कमिटसाठी गिटकडे देऊन), कमिट न करताच हार्ड रीसेट मारलेला, म्हणजे सगळं मागच्या कमिटवर परत नेलेलं असतं. 'गिट एफएससीके --लॉस्ट-फाउंड' चालवा, 'डँगलिंग ब्लॉब' (कुणाचाच संदर्भ नसलेले ब्लॉब) म्हणून हॅश येतील, ते एकेक कॅट-फाइलनं उघडा. नाव मिळणार नाही, कारण नाव ट्रीत असतं, ब्लॉबमध्ये नाही; मजकूर वाचूनच फाइल ओळखावी लागते. फक्त ॲड केलेलं असायला हवं आणि उशीर नको. कुणाचाच संदर्भ नसलेली ऑब्जेक्ट्स दोन आठवड्यांहून जुनी झाली की जीसी ती साफ करतं.