पन्नास मीटर कुठून मोजायचे?

पाणथळ जागांच्या सर्वेक्षणात नव्याने येणाऱ्यांनी २०१७ चे पाणथळ जागा नियम वाचले असतील आणि इस्रोचा राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रह निदान चाळला असेल, असे मी धरून चालतो. मीही हे सगळे वाचले होते, आणि तरीही माझा पहिला नकाशा मुळापासून चुकला.

काम गोंदिया जिल्ह्यातील एका मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) काळात बांधलेल्या, तलावाचे होते आणि मी तिथे मे महिन्यात गेलो. पाणी आटून पाळीलगतच्या (बांधालगतच्या) खोलगट भागात उरले होते. वरच्या अंगाला बेशरमाची झुडपे आणि त्यांच्याआधी, ओल धरून राहिलेल्या पट्ट्यात, कापणी झालेल्या गाळपेराची, म्हणजे पाणी ओसरलेल्या गाळात घेतलेल्या पिकाची, खुंटे. मी जीपीएस हातात धरून पाण्याच्या काठाने फेरी मारली, गाळपेराला ‘शेती’चा रंग दिला, संगणकावर ५० मीटरचा बफर, म्हणजे काठाबाहेरचा बांधकामबंदीचा पट्टा, काढला आणि अहवाल सादर केला. वरिष्ठांनी नकाशाच्या रंगसंगतीचे कौतुक केले. नवख्याला असे कौतुक करणाऱ्यांपेक्षा ‘सांडवा, जादा पाणी बाहेर जाण्याची वाट, कुठे दाखवला आहेस?’ असे खडसावून विचारणारा माणूस अधिक उपयोगी पडतो, हे माझे मत तेव्हापासूनचे आहे.

नियमांत स्थायी बांधकामाला मनाई आहे, ती पाण्याच्या काठापासून नव्हे, तर नियम लागू झाले त्या तारखेच्या मागील दहा वर्षांत आढळलेल्या सरासरी उच्च पूरपातळीपासून ५० मीटरपर्यंत. येथे थांबून विचार करा, कारण मी केला नव्हता. पातळी म्हणजे उंची. जमिनीवर तिची रेघ आपोआप दिसत नाही, ती उंची तलावाभोवती फिरवून आपल्याला काढावी लागते. मालगुजारी तलावाची वरची बाजू इतकी सपाट असते, की उतार शंभरास एक असेल तर पाणी अर्धा मीटर चढताच काठ ५० मीटर मागे सरकतो, म्हणजे उन्हाळ्यातल्या काठापासून आखलेला अख्खा बफर पाण्याखाली जातो. त्या तलावात मेमधील पाणी आणि पावसाळ्यातील खूण यांत १.८ मीटरचा फरक निघाला. माझा बफर जिथे संपत होता, तिथून खरा काठ आणखी १३० मीटर दूर होता. ‘शेती’ म्हणून रंगवलेला पट्टा तलावाचे पोटच होते.

ती खूण मला मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातील एका वयस्क काकांनी दाखवली. त्यांनी बाभळीच्या खोडावर, गुडघ्याच्या थोडे वर, वाळलेल्या गाळाच्या फिकट पट्ट्यावर बोट ठेवले आणि म्हणाले, ‘पानी इथवर येते जी.’ अर्थात एका वर्षाची खूण म्हणजे दहा वर्षांची सरासरी नव्हे. म्हणून सांडव्याची माथापातळी घ्यावी, सांडवा कोणत्या वर्षी किती वाहिला हे विचारावे, नोंदी असल्यास ताडून पाहाव्यात आणि मग ऑटो लेव्हल या समपातळी मोजणाऱ्या दुर्बिणीने ती उंची पलीकडच्या काठावर न्यावी. फुकट मिळणाऱ्या उपग्रहीय उंचीच्या आकड्यांवर हे काम करू नका. त्यांतील चूकच कित्येक मीटरची असू शकते. नदीची निळी आणि लाल पूररेषाही येथे आणू नका, कारण त्या अनुक्रमे २५ आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या असतात आणि त्यांचा हेतू वेगळा असतो.

नकाशासंग्रहातील कड उचलून तिच्याभोवती बफर काढणे हा सर्वांत लोकप्रिय आडमार्ग आहे आणि तो मला अजिबात पसंत नाही. तो नकाशा १:५०,००० प्रमाणावरचा आहे. त्यावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर, म्हणजेच तुमचा संपूर्ण बफर पेन्सिलीच्या जाड रेघेएवढा. शिवाय २.२५ हेक्टरहून लहान बोड्यांची, म्हणजे छोट्या तळ्यांची, तिथे सीमाच मिळत नाही, त्या नुसत्या ठिपक्यांत राहतात.

वर्गीकरणाबद्दल मात्र फार घाबरू नका. तिथे अनुभवी माणसेही अडखळतात. सिंचनासाठी बांधलेले जलाशय २०१७ च्या नियमांच्या व्याख्येत बसत नाहीत आणि मालगुजारी तलाव तर भातासाठीच बांधलेले. पण आज त्यांच्यात देवधान, म्हणजे रानभात, उगवते, आजूबाजूच्या भातखाचरांत सारस घरटी करतात, आणि गोदावरीवरचे नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यामुळे तयार झालेले असूनही २०२० मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाले. म्हणून उगम मानवनिर्मित असे लिहून थांबू नये; आजचा वापर, वनस्पती आणि पक्षी यांची नोंद वेगळ्या रकान्यात करावी. कायद्याचा निवाडा करणे हे सर्वेक्षकाचे काम नाही, हे कळल्यावर माझ्या डोक्यावरचे निम्मे ओझे उतरले.

मी अजूनही पहिली भेट मे महिन्यातच ठेवतो, कारण तलावाचे पोट उघडे असतानाच उतार मोजता येतो. काठ आखायला मात्र सप्टेंबरात, सांडवा वाहत असताना, पुन्हा जातो.