कलात्मक छायाचित्रणातील या चुका टाळा: खानदेशात काम करणाऱ्यांसाठी

कलात्मक छायाचित्रणाकडे वळणारा हौशी छायाचित्रकार बहुधा तंत्रापासून सुरुवात करतो. एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी गडद काच) घेतला म्हणून पाण्याचे लाँग एक्स्पोजर, म्हणजे शटर बराच वेळ उघडा ठेवून घेतलेले चित्र; कॅमेऱ्यात सोय आहे म्हणून मल्टिपल एक्स्पोजर, म्हणजे एकावर एक घेतलेल्या प्रतिमा; ॲपमध्ये टेक्स्चर मिळाले म्हणून बऱ्यापैकी चित्रावर भिंतीचे पोपडे. अशा चित्रात तंत्र चटकन ओळखू येते, परंतु विषय कोणता होता हे काढणाऱ्यालाही सांगता येत नाही. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत काढलेल्या अशा छायाचित्रांत वारंवार दिसणाऱ्या चुकांपैकी बऱ्याच या उलट्या क्रमातून आलेल्या असतात; उरलेल्या इथल्या उन्हाने, धुळीने आणि पाण्याच्या टंचाईने घडवलेल्या आहेत.

चाळीसगावचे कलामहर्षी केकी मूस (1912–1989) आयुष्याचा मोठा काळ क्वचितच घराबाहेर पडले, तरीही टेबलावर मांडलेल्या साध्या वस्तू आणि नेमका प्रकाश यांच्या बळावर त्यांनी निसर्गदृश्यांचा भास निर्माण करणारी टेबलटॉप छायाचित्रे घडवली. चित्रात काय दिसायला हवे हे आधी ठरलेले असले, तरच असे काम होते. त्यांच्या राहत्या घरातील संग्रहालय पाहणे हा या विषयाचा सर्वांत स्वस्त अभ्यासवर्ग आहे, असे माझे मत आहे. चित्र काढण्यापूर्वी वहीत एक वाक्य लिहावे. ‘केळीच्या बागेतला कोंदट अंधार’ असे लिहिले, तर गडद छटांचे लो-की चित्र सुचते. त्याच बागेसाठी ‘खोडांची उभी लय’ असे लिहिले, तर कॅमेरा हलवून घेतलेले चित्र सुचते. वाक्यच सुचत नसेल, तर फिल्टर पिशवीतच राहू द्यावा.

लाँग एक्स्पोजर: हलणारे काहीच नसताना

एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट होणे; दहा स्टॉपचा एनडी फिल्टर प्रकाश साधारण 1000 पटींनी कमी करतो, त्यामुळे 1/60 सेकंदाचे एक्स्पोजर सुमारे 17 सेकंदांवर जाते. या 17 सेकंदांत चौकटीतले काहीतरी हलले पाहिजे, एवढी साधी अट अनेकजण विसरतात. चांगदेव येथे तापी आणि पूर्णा यांच्या संगमावर हतनूर धरणाचे पाणी फुगून पसरलेले असते. तिथे निवांत सकाळी लाँग एक्स्पोजर घेतले, तर बारीक तरंग पुसले जातात, यापलीकडे साध्या चित्राहून फारसा फरक पडत नाही. गिरणा आणि पांझरा यांच्या पात्रांत उन्हाळ्यात वाळू आणि डबकी उरतात, म्हणून तिथे तर हे तंत्र अगदीच वाया जाते. पावसाळ्यात सातपुड्यावरून ढग वेगाने सरकू लागले, की त्याच संगमावर 2 ते 4 मिनिटांचे एक्स्पोजर घ्यावे. तेव्हा पाणी स्थिर असले तरी आकाश चित्राला गती देते. 30 सेकंदांपेक्षा जास्त वेळासाठी बहुतेक कॅमेऱ्यांत बल्ब मोड (शटर हवा तितका वेळ उघडा ठेवण्याची सोय) आणि रिमोट लागतो.

चित्र धूसर आले, तर दोष लेन्सला देण्याआधी क्रम तपासावा. गडद फिल्टर लावल्यावर ऑटोफोकस चाचपडतो, म्हणून फोकस आधी घेऊन तो मॅन्युअलवर टाकावा आणि मगच फिल्टर चढवावा. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर भरून काढणारी सोय) बंद ठेवणे बहुतेक लेन्सच्या बाबतीत हिताचे असते. नदीच्या वाळूत ट्रायपॉडचे पाय हळूहळू खचतात. प्रत्येक पायाखाली सपाट दगड किंवा फळीचा तुकडा ठेवला, तर हा त्रास मिटतो. कॅमेऱ्याचा पट्टा वाऱ्याने फडफडत असेल, तर तो काढून ठेवावा. वेळ वाढवण्यासाठी ॲपर्चर (लेन्समधले प्रकाशाचे छिद्र) एफ/22 इतके बारीक मिटवणे ही चूक मात्र सर्वत्र दिसते: डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने, तपशील विरघळतो, शिवाय सेन्सरवर बसलेली धूळ आकाशात काळ्या ठिपक्यांच्या रूपाने उघडी पडते.

वाइड लेन्सवर व्हेरिएबल एनडी (फिरवून गडदपणा कमी-जास्त करता येणारा फिल्टर) शेवटपर्यंत फिरवला, तर आकाशात फुलीसारखा गडद पट्टा येतो. हा फिल्टरचा अंगभूत दोष असल्याने घनता कमी करावी किंवा साधा एनडी वापरावा. चित्रावर तपकिरी अथवा निळसर झाक आली, तर फिल्टर लावलेल्या स्थितीतच व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा यासाठीची जुळवणी) घ्यावा. डीएसएलआरच्या चित्रात कारण नसताना उजळ पट्टा दिसला, तर प्रकाश मागच्या आयपीसमधून (डोळा लावून पाहण्याच्या खिडकीतून) शिरलेला असतो, तेव्हा ते झाकावे. उन्हाळ्यात रंगीत ठिपके वाढतात, कारण सेन्सर तापला, की नॉइज, म्हणजे चित्रातले नको असलेले ठिपके, वाढतो. जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या घरात असताना कॅमेरा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून दुपारी लाँग एक्स्पोजर करणे म्हणजे हे ठिपके स्वतःहून ओढवून घेणे होय.

साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेल परिसरातील पवनचक्क्यांसाठी हिशेब वेगळा आहे. तिथे अनेकजण 30 सेकंदांचे एक्स्पोजर घेतात, आणि चित्रात पाती नाहीशी होऊन नुसते खांब उरतात. पात्याची एक फेरी किती सेकंदांत होते, हे आधी घड्याळावर मोजावे. फेरी 4 सेकंदांची असेल, तर 1/3 सेकंदात पाते 30 अंश फिरते, आणि तीन पात्यांचे तीन पंखे स्पष्ट दिसतात, सुमारे 1.3 सेकंदात तिन्ही पाती मिळून पूर्ण वर्तुळ भरून काढतात. यांपैकी काय हवे आहे, हे पुन्हा वहीतल्या वाक्यावरच ठरते.

दुपारच्या झळा

एप्रिल-मे महिन्यांत धुळ्याजवळचा लळिंग किल्ला महामार्गावरून टेलिफोटोने टिपला, तर तटबंदीच्या रेषा लाटांसारख्या वाकतात. तापलेल्या जमिनीवरची हवा प्रकाश सतत वळवत असते. हा दोष शटर स्पीड वाढवून किंवा संपादनात शार्पनिंग वाढवून जात नाही. अंतर कमी करणे आणि उन्हं चढण्याआधी पोहोचणे, हे दोनच खरे उपाय आहेत. झळाच हा विषय मानून त्यांचे चित्र करणे हा तिसरा मार्ग आहे, आणि इथल्या छायाचित्रकारांनी तो इतका कमी वापरलेला पाहून मला नवल वाटते.

केळीच्या बागेत कॅमेरा हलवताना

रावेर, यावल आणि चोपडा तालुक्यांतील केळीच्या ओळी या तंत्रासाठी जणू आयत्या मांडलेल्या आहेत. उघड्या उन्हात आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) 100 आणि एफ/16 असताना शटर 1/100 सेकंदाच्या आसपास येतो, म्हणून तिथे फिल्टर लागतो. दाट पानांखालच्या सावलीत प्रकाश 3 ते 4 स्टॉपनी उतरल्याने 1/10 सेकंद किंवा त्याहून सावकाश शटर विनासायास मिळतो. शटर दाबल्यावर कॅमेरा हलवायला सुरुवात करणे ही पहिली चूक आहे, कारण रेषांच्या टोकाला गाठ येते. हालचाल आधी सुरू करावी, शटर मध्ये उघडावा आणि हालचाल त्यानंतरही चालू ठेवावी. खोडे उभी असल्याने कॅमेराही उभ्या दिशेनेच न्यावा. आडवी हालचाल ही दुसरी चूक, कारण तिच्यात खोडे एकमेकांत मिसळून हिरवट चिखल तयार होतो. तिसरी चूक सहजासहजी लक्षात येत नाही. पानांच्या फटींतून दिसणारे पांढरे आकाश हलताना रंगाहून बलवान ठरते आणि चित्रभर चुन्याचे फटकारे ओढते, म्हणून आकाश पूर्ण वगळणारी चौकट शोधावी. असे चित्र पहिल्या फटक्यात जमत नाही. भरपूर काढून त्यांतले मोजके ठेवायचे, ही इथली रीतच आहे.

मल्टिपल एक्स्पोजरमध्ये दुसरी प्रतिमा पहिलीच्या गडद भागातच उमटते, हे ध्यानात न घेतल्याने दोन्ही चित्रे एकमेकांना पुसतात. उजळ आकाशापुढे माणसाची काळी आकृती आधी घ्यावी आणि फुटलेल्या बोंडांचे कापसाचे शेत नंतर; तेव्हा आकृतीत कापूस भरतो. ॲडिटिव्ह मोडमध्ये (दोन्हींचा प्रकाश एकत्र मिळवणाऱ्या) दोन प्रतिमांसाठी प्रत्येक एक्स्पोजर एक स्टॉप कमी ठेवावे. ॲव्हरेज मोडमध्ये हा हिशेब कॅमेराच करतो.

कृष्णधवल करताना

रंग काढून टाकला, की चित्र आपोआप कलात्मक होते, हा समज सर्वांत चिवट आहे. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर, म्हणजे मिरची पसरून वाळवण्याच्या मैदानावर, वाळणारी लाल मिरची आणि कडेची हिरवी झाडे रंगीत चित्रात एकमेकांविरुद्ध उठून दिसतात, परंतु थेट रूपांतरात दोन्हींची करडी छटा जवळजवळ सारखी येऊन चित्र सपाट होते. रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) लाल चॅनेल, म्हणजे लाल रंगाची उजळता, उचलला, तर मिरची उजळते. उतरवला, तर जमिनीवर काळा गालिचा पसरतो. यांपैकी काय करायचे हे चित्र घेतानाच ठरवावे. निळा चॅनेल दाबून काळेभोर आकाश मिळवण्याची युक्ती पावसानंतरच्या स्वच्छ दिवसांत चालते. उन्हाळ्यातील धुरकट, पांढुरक्या आकाशात निळा रंगच उरलेला नसल्याने तिथे केवळ नॉइज आणि पट्टे मिळतात. पथारीवर काम करणाऱ्यांचे चेहरे दिसत असतील, तर त्यांची परवानगी आधी घ्यावी. मिरचीच्या ठसक्यात आपल्यालाच उभे राहवत नसताना त्यांना ‘पुन्हा तसेच करा’ असे सांगत बसू नये.

छपाईत उरणारी चूक

स्क्रीनवर सुंदर दिसणारे चित्र कागदावर अंधारे येते, याचे कारण बहुधा छापखाना नसून पूर्ण उजेडावर ठेवलेला मॉनिटर असतो. त्याची उजळता 80 ते 120 कँडेला प्रति चौरस मीटर इतकी आणून संपादन करावे. 12 बाय 18 इंचांची छपाई 300 पीपीआयवर (दर इंचाला 300 पिक्सेल) करायची, तर 3600 बाय 5400 पिक्सेल, म्हणजे सुमारे 19.4 मेगापिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवरून आलेली फाइल त्यासाठी पाठवू नये. मॅट कागदावर काळा रंग ग्लॉसीइतका खोल उतरत नाही, त्यामुळे लो-की चित्रांतील सावल्या थोड्या उघडाव्या लागतात. पूर्ण आकार छापण्याआधी चित्राचा सर्वांत गडद आणि सर्वांत उजळ भाग असलेली एक पट्टी त्याच कागदावर छापून घ्यावी, आणि चित्र जिथे लागणार आहे त्या भिंतीवर, तिथल्याच दिव्याच्या उजेडात, ती तपासावी.