नोकरी गेल्यावरचा भत्ता कसा मिळवला: माझा अनुभव

जुलै 2020 मध्ये पुण्यातली माझी नोकरी गेली. ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा) विमा होता, म्हणून त्यांच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेचा, म्हणजे नोकरी गेल्यावर मिळणाऱ्या भत्त्याचा अर्ज भरला. कंपनी तो पुढे पाठवेना, फोनही उचलेना. घरात आईची औषधं चालू. रात्र रात्र झोप नव्हती.

मग कळलं, कोरोनामुळे तेव्हा नियम सैल झाले होते: भत्ता सरासरी रोजंदारीच्या 25 ऐवजी 50 टक्के, जास्तीत जास्त 90 दिवस, आणि अर्ज कंपनीला वगळून थेट ईएसआयच्या शाखा कार्यालयात देता येत होता. पण आधी आधार आणि पासबुकावरचं नाव जुळवून घेतलं. माझ्या पासबुकावर वडिलांचं नावच नव्हतं. हे आधी कराच! मग झेरॉक्स घेऊन स्वतः गेलो, पोचपावती मागून घेतली. पैसे थेट खात्यात आले.