ग्रुप राइडला निघताय? गावाकडच्या रस्त्यांवर या चुका टाळा

पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगाव, तिथून श्रीवर्धन-हरिहरेश्वर. बागमांडल्याच्या फेरीबोटीने वेसवीला, मग केळशी, आंजर्ले, दापोली. दाभोळला दुसरी फेरीबोट धरून धोपावे, गुहागर, चिपळूण आणि कुंभार्ली घाट चढून पाटण-कऱ्हाडमार्गे परत. पावसाळा सरला की मित्रांचे कितीतरी गट बाइकवर हा फेरा करतात, आणि करावा असाच तो आहे. पण या वाटेवर घाट आहेत, एकेरी गावरस्ते आहेत, खाड्या आहेत आणि शेवटी ऊसपट्टा. एकट्याने जाताना जो माणूस नीट चालवतो तोच गटात आल्यावर वेगळं चालवायला लागतो, आणि बहुतेक घोटाळे तिथेच सुरू होतात.

पहिली चूक: पुढची गाडी नजरेआड होऊ न देणं

ही सगळ्यांत मोठी चूक आहे. ती चूक वाटत नाही, कारण ती मैत्रीतून होते. कुणी मागे राहू नये म्हणून लीड, म्हणजे सगळ्यांत पुढचा, वेग धरतो आणि आपल्यामुळे कुणाचा खोळंबा होऊ नये म्हणून शेवटचा ताणून चालवतो.

साधा हिशोब बघा. आठ गाड्यांचा गट वळणात शिरतो. लीड वळणातून बाहेर पडून साठचा वेग घेतो, तेव्हा सातवा-आठवा अजून वळणात तीसवर असतो. तो बाहेर येईपर्यंत पुढचे बरेच लांब गेलेले असतात. ते अंतर भरून काढायला त्याला सत्तर-ऐंशीने पळावं लागतं. पुढचं वळण आलं की पुन्हा तेच. म्हणजे लीडला जी राइड निवांत वाटते, तीच शेवटच्या गाडीवर शर्यत असते. आणि सहसा शेवटी कोण असतं? ज्याला घाटाची सवय नाही तो, किंवा ज्याच्या मागे डबलसीट आणि सामान आहे तो.

यावर उपाय सोपा आहे. सगळ्यांत कमी अनुभवाच्या मित्राला लीडच्या लगेच मागे ठेवा आणि गटाचा वेग त्याच्यावरून ठरवा. सगळ्यांत मुरलेला माणूस स्वीप म्हणून शेवटी. टायर प्लग (ट्यूबलेस टायरचं पंक्चर बुजवायला), पंप, पाने आणि प्रथमोपचाराची पेटी त्याच्याकडे, कारण बंद पडलेली गाडी त्यालाच आधी दिसणार.

आणि सरळ रस्त्यावर कुणी कुणासाठी थांबायचं नाही, थांबायचं ते फाट्यावर. लीडने फाटा आला की हाताने खूण करायची. त्याच्या मागचा तिथे सुरक्षित बाजूला, दोन्हीकडून दिसेल असा उभा राहणार आणि स्वीप येईपर्यंत हलणार नाही. स्वीप दिसला की तो त्याच्या पुढे गटात सामील. पुढच्या फाट्यावर लीडच्या मागे जो असेल तो उभा राहील. नवख्याची पाळी आली तर त्याच्या मागच्याने थांबायचं. ही पद्धत पाळली की पुढची गाडी दिसत नसली तरी जीव खालीवर होत नाही, वाट चुकत नाही. मोबाइलवरच्या लाइव्ह लोकेशनवर विसंबू नका. घाटात आणि खाडीकाठच्या गावांत रेंज जाते, ती नेमकी हवी तेव्हा.

तिरकी रांग कुठे लावायची, कुठे मोडायची

चौपदरी रस्त्यावर तिरक्या रांगेत चालवणं बरोबर: एक लेनच्या उजव्या भागात, दुसरा डाव्या भागात. तिरपा जो पुढे आहे त्याच्यापासून एक सेकंद, सरळ पुढे जो आहे त्याच्यापासून दोन सेकंद. साठच्या वेगाला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते, म्हणजे दोन सेकंद म्हणजे तेहतीस-चौतीस मीटर. व्हिडिओत गट विस्कळीत दिसेल, दिसू द्या.

गावरस्त्यावर मात्र ही रांग मोडा. एकेरी रस्ता पावणेचार मीटरचा, त्यात समोरून पिकअप किंवा एसटी येणार. तिथे एकामागे एक आणि अंतर वाढवून. रस्ता मधोमध फुगीर आणि कडेला साइडपट्टी खचलेली असते. चार-सहा इंचांची ती पायरी चाक उतरताना जाणवत नाही, वर चढवताना गाडी पाडते. उतरलातच तर घाईने हँडल वळवू नका. वेग मोडा, जिथे पट्टी रस्त्याच्या बरोबरीला येते तिथे वर या.

‘तो गेला म्हणून मी गेलो’

ट्रकला लीडने ओव्हरटेक केला, त्याला रस्ता मोकळा दिसला होता. दोन सेकंदांनी निघालेल्या दुसऱ्याला तो तसाच मोकळा असेल असं नाही. प्रत्येकाने स्वतः बघून, स्वतः ठरवून जायचं. पुढच्याने हात करून ‘ये ये’ म्हणणं बंद करा. त्याला तुमच्या गाडीचा पिकअप माहीत नाही, तुमच्या मागून काय येतंय तेही दिसत नाही.

पार झालेल्यानेही लगेच वेग कमी करायचा नाही. मागून येणाऱ्या मित्राला ट्रकच्या पुढे शिरायला जागा लागते. ती नसेल तर तो समोरच्या लेनमध्ये अडकतो.

रस्त्यावर काय असेल ते महिन्यावरून ओळखा

शहरातून आलेला माणूस रस्त्यावर गाड्या शोधतो. गावच्या रस्त्यावर गाड्यांपेक्षा इतर गोष्टी जास्त असतात आणि त्या ऋतूप्रमाणे बदलतात. हे ज्याला कळलं त्याची निम्मी काळजी मिटली.

जून-जुलैत भाताची लावणी चालू असते. खाचरातून निघालेला पॉवर टिलर डांबरावर चिखलाचे पट्टे सोडून जातो. लाल माती ओली झाली की तिच्यावर ब्रेक लागतच नाही म्हणा. घाटात झाडांखालच्या, ऊन न पोचणाऱ्या वळणांवर शेवाळ धरतं. साकवावरून किंवा फरशीवरून, म्हणजे ओढ्यावरच्या बुटक्या पुलावरून, पाणी वाहत असेल आणि खालचा रस्ता दिसत नसेल तर थांबा. पुढचा गेला असला तरी थांबा. पाणी ओसरतं, त्याला वेळ द्या.

सप्टेंबर-ऑक्टोबरात देशावर सोयाबीन, मका रस्त्यावर वाळत घातलेला असतो. त्यावरून चाक गेलं की घसरतंच, शिवाय ते कुणाचं तरी वर्षाचं पीक आहे. वेग कमी करा, कडेने जा. पीक कुणी तुडवू नये म्हणून भोवती दगड मांडलेले असतात, रात्री तेच दगड दिसत नाहीत.

दिवाळीनंतर धनगरांचे कळप कोकणाकडे उतरू लागतात. शे-दोनशे मेंढरं समोर आली की हॉर्न वाजवू नका, त्याने कळप फुटतो. गाड्या बाजूला घ्या, धनगर खूण करेल तेव्हा निघा. एकटी शेळी रस्ता ओलांडताना दिसली तर मागे दुसरी आहे असं धरूनच चाला. वासरू गाईच्या मागे अचानक धावतं. म्हैस मात्र हलत नाही, तिच्या मागून जा, पुढून नको.

याच सुमाराला उसाचा गळीत हंगाम सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. कऱ्हाड, सांगली, कोल्हापूर, सातारा या पट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रात्रंदिवस चालतात. कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर उसाने झाकलेला असतो. टायर पंक्चर झालेली ट्रॉली अंधारात रस्त्यातच उभी असते, मागे खूण म्हणून दोन-चार दगड. पुढे जाताना लक्षात ठेवा, एका ट्रॅक्टरची लांबी दोन ट्रॉल्यांसकट मोजायची असते. वरून पडलेले उसाचे तुकडे चाकाखाली फिरतात ते वेगळंच.

उन्हाळ्यात सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, चिरेखाणींतून निघणारे ट्रक आणि आंब्याच्या पेट्यांची पिकअप, दोघांनाही घाई. नव्याने डांबरीकरण झालेल्या रस्त्यावर मोकळी खडी वळणाच्या बाहेरच्या अंगाला जमते. खडी दिसली की ब्रेक सरळ रस्त्यावरच संपवा आणि वळण ब्रेक न दाबता घ्या.

वर्षभर असतो तो न रंगवलेला स्पीड ब्रेकर. शाळा, देऊळ, एसटीचा थांबा, गावाची कमान यांच्या आधी तो आहेच असं समजा.

घाट उतरताना

गिअर खालचा ठेवा, इंजिनाने गाडी रोखा. न्यूट्रलमध्ये उतरवणं किंवा मागचा ब्रेक पायाखाली दाबून ठेवणं या दोन्ही सवयी ब्रेक तापवतात. लिव्हर मऊ पडून हँडलच्या जवळ यायला लागला की रस्ता रुंद असेल तिथे थांबा आणि गाडी पंधरा-वीस मिनिटं निवू द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका.

चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची, हा घाटातला नियम कायद्यातही आहे. एसटीला अवघड वळणावर अख्खा रस्ता लागतो. तिचा हॉर्न ऐकला की वळणाच्या आधीच थांबा. चालक हात दाखवतो, मग जा.

एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं आहे. पण गटात जुनीही गाडी असते, आणि सिंगल चॅनल एबीएस फक्त पुढच्या चाकाला असतं. कुणाच्या गाडीला काय आहे हे निघण्याआधी बोलून घ्या. एबीएसवाल्याच्या पाठीला चिकटून साधी गाडी चालवणं धोक्याचं आहे.

वेळेचा चुकीचा हिशोब

हा फेरा साधारण सहाशे किलोमीटरचा आहे, म्हणून दोन दिवसांत बसवायचा मोह होतो. किनाऱ्याच्या रस्त्याला ताशी तीसची सरासरी धरा. फेरीबोट चुकली की पुढच्या फेरीपर्यंत थांबावं लागतं, शेवटची चुकली तर खाडीला वळसा. मग सगळा उशीर अंधारात भरून काढला जातो, दिवसभराच्या थकव्यासकट. तीन दिवस घ्या, आणि सूर्यास्ताआधी मुक्कामी पोचायचं असं ठरवून टाका. मुक्कामाआधी बिअर नको हेही त्याच वेळी ठरवा, ऐनवेळी मित्राला नाही म्हणणं कठीण जातं.

पेट्रोलचं नियोजन सगळ्यांत छोट्या टाकीवरून करा. एकाची टाकी भरताना सगळ्यांनी भरायची.

फेरीबोटीवर चढताना रॅम्प ओला असतो, लोखंड घसरतं. डबलसीटवाल्याला उतरवा, पहिल्या गिअरमध्ये सरळ चढा. वर गाडी गिअरमध्ये ठेवून साइड स्टँडवर लावा.

गाडी कुरकुरली तर

चालू होत नसेल तर आधी किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) बघा, मग साइड स्टँड. नव्या गाड्या स्टँड खाली असताना गिअर टाकला की बंद पडतात. हे दोन्ही ठीक असतील तर बॅटरीचे स्क्रू आणि फ्यूज.

पाण्यात बंद पडली तर स्टार्टर मुळीच मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून बाहेर काढा, प्लग खोला, एअर फिल्टर बघा.

स्पोकच्या चाकांत बहुधा ट्यूब असते, तिला टायर प्लग चालत नाही. अशी गाडी गटात असेल तर त्या मापाची ट्यूब बरोबर हवी. चेन घरी रिकाम्या गाडीवर ताणलेली असते आणि सामान-डबलसीट आलं की आणखी आवळते, तेव्हा ती भार टाकून तपासा. जादाची क्लच केबल जुनीच्या शेजारून आधीच ओढून बांधून ठेवा. तुटली तर पाच मिनिटांत जोडता येते.

कुणी पडलं तर

सगळे त्याच्याकडे धावतात आणि गाड्या वळणावरच उभ्या राहतात. दुसरा अपघात असाच होतो. दोघांनी आधी दोन्ही बाजूंना लांब, वळणापलीकडे जाऊन वाहनं थांबवायची. बाकीच्यांच्या गाड्या रस्त्याबाहेर.

हेल्मेट ओढून काढू नका. श्वास घेता येत नसेल किंवा उलटी होत असेल तरच, एकाने मान धरून दुसऱ्याने काढायचं. पाणी पाजू नका, हातापायांना धरून उचलू नका, दोघांमध्ये बसवून बाइकवरून तर नेऊच नका. १०८ ला फोन करा, पोलिसांसाठी ११२. ठिकाण सांगायला मैलाचा दगड कामी येतो: पिवळा माथा राष्ट्रीय महामार्ग, हिरवा राज्य महामार्ग, केशरी गावरस्ता. त्यावरचं गाव आणि किलोमीटर सांगा. रेंज नसेल तर शेवटची रेंज जिथे होती तिथवर दोघांनी परत जायचं.

गावकरी मदतीला येतात, फक्त पोलिसांच्या चौकशीची भीती असते. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं आहे, मदत करणाऱ्याला त्याने संरक्षण दिलं आहे, हे त्यांना सांगा. केंद्राच्या २०२५ च्या योजनेनुसार अपघातग्रस्ताला नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख न भरता मिळतात. रुग्णालयात ते विचारा.

अॅम्ब्युलन्समध्ये एकाने बसायचं. बाकीच्यांनी तिचा पाठलाग करायचा नाही. हात थरथरत असतात, लक्ष पुढच्या दिव्यावर असतं. चहा घ्या, अर्धा तास थांबा, मग निघा. मित्राची गाडी पोलिसांना कळवल्याशिवाय हलवू नका. त्यांनी सांगितलं की गावच्या पोलीस पाटलाकडे लावा आणि त्यांचा नंबर लिहून घ्या.