अमेरिकेत गेलेल्या जुन्या आयरिश मूळ पुरुषाचा माग सोलापुरात बसून कसा काढायचा

आमच्या घरी काही वर्षांनी हेळवी येतो, वही उघडतो आणि सात-आठ पिढ्यांची नावं घडाघडा वाचून दाखवतो. मामेबहीण पेनसिल्व्हेनियात असते, दाजी तिथलेच, त्यांचा मूळ पुरुष 1730 च्या आसपास आयर्लंडहून आलेला एवढंच घरात माहीत. ताई म्हणाली पोरासाठी दोन्हीकडची वंशावळ लिहायचीय, तिकडं हेळवी नाही, तू बघ. मग मी बसलो, आता जे जमलं ते सांगतो.

पहिलं म्हणजे थेट आयर्लंडात शोधू नका. मी तेच केलं आणि दोन महिने गेले, कारण एकाच नावाची माणसं ढिगानं सापडतात आणि आपला कोण ते कळत नाही. आजच्या पिढीपासून मागं जायचं, प्रत्येक बापलेकाच्या नात्याला कागद हवाच. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या जुन्या नोंदी ठेवणाऱ्या साइटवर फुकट खातं उघडा. अमेरिकेच्या 1850 च्या जनगणनेपासून घरातल्या सगळ्यांची नावं मिळतात, त्याआधी 1790 पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचं. त्याच्याही मागं जायचं तर मृत्युपत्रं, जमिनीचे कागद, कराच्या याद्या, चर्चची रजिस्टरं.

जहाजाच्या नावामागं फार लागू नका. प्रवाशांच्या याद्या देणं 1820 पासून सक्तीचं झालं. फिलाडेल्फियात 1727 पासूनच्या याद्या आहेत पण त्या जर्मन वगैरे परक्या लोकांच्या, आयरिश माणूस इंग्लंडच्या राजाचीच प्रजा, त्याची नोंद कोण घेणार.

खरा माग शेजाऱ्यांत असतो. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात बघा ना, तेलंगणातनं पद्मशाली मंडळी एकमेकांच्या ओळखीनं आली, शेजारी राहिली, सोयरीकही आपसात, त्यामुळं एकाचं मूळ गाव कळलं की दुसऱ्याचं शोधायला दिशा मिळते. तिकडंही तसंच. मृत्युपत्रावर साक्षीदार कोण, जमिनीच्या चतुःसीमेला कोण, पोरगी कुणाच्या घरात दिली, ही सगळी नावं वहीत उतरवा, त्यातल्या एखाद्याच्या कागदात आयर्लंडातला परगणा आणि पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गावांचा भाग, लिहिलेला असू शकतो.

तारखांना जपा. 1752 च्या आधी तिथं वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं. लग्न एप्रिल 1731 आणि मूल फेब्रुवारी 1731 असं दिसलं तर मूल आधीचं नाही, दहा महिन्यांनंतरचं आहे.

एवढं झालं की मग आयर्लंड. 1922 साली डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं सरकारी दफ्तर जळालं, बरंच गेलं, पण सगळं नाही. 1708 पासूनची दस्त नोंदणी शाबूत आहे, बेलफास्टच्या प्रोनी या सरकारी अभिलेखागाराच्या साइटवर 1740 च्या प्रोटेस्टंट कुटुंबप्रमुखांची आणि 1766 च्या धार्मिक गणनेची उरलेली नावं फुकट शोधता येतात.

मला सगळ्यात जवळची वाटली ती 1796 ची जवस पेरणाऱ्यांची यादी. ज्या जवसाची आपण चटणी करतो त्याच झाडाच्या धाग्याचं कापड म्हणजे लिनन, आणि अल्स्टरमध्ये, म्हणजे आयर्लंडच्या उत्तर भागात, घरोघरी ते विणायचे. पेरणी किती त्यावर सरकार चरखे आणि माग बक्षीस द्यायचं, त्यांचीच ही यादी, पॅरिशवार. धागा मऊ निघावा म्हणून बी पिकायच्या आत झाड उपटायचे, म्हणून बियाणं अमेरिकेतनं यायचं आणि तीच जहाजं परतताना माणसं घेऊन जायची. आपला माणूस तेव्हा कधीच गेलेला, पण भाऊबंद मागं राहिलेले असतात, सो त्याचं आणि शेजाऱ्यांचं आडनाव एकाच पॅरिशमध्ये दिसतंय का ते बघायचं.

आडनावाला पुढं मॅक, ओ लावून आणि काढून दोन्हीनं शोधा, स्पेलिंग कारकुनानं ऐकलं तसं लिहिलेलं असतं. थोरल्याला बापाच्या बापाचं, दुसऱ्याला आईच्या बापाचं नाव ही त्यांच्यात रीत होती, पण तेवढ्यावर नातं पक्कं करू नका. दाजींच्या घरात ती जुळली, कागद अजून नाही, म्हणून वहीत ते नाव मी पेन्सिलनंच लिहून ठेवलंय.