विद्यापीठ, कंपनी आणि सहावीचे अपूर्णांक

एम.एड. झाल्यावर मी एका विद्यापीठाच्या शिक्षण विभागात प्रकल्प सहायक म्हणून लागले. एका एडटेक कंपनीबरोबर सहावीच्या गणिताचे व्हिडिओ आणि सरावप्रश्न करायचे होते. आशय आमचा, अ‍ॅप त्यांचं. सामंजस्य करारावर सह्या झाल्या, शाल-श्रीफळ झालं, फोटो निघाले. करारात काय लिहिलंय ते मात्र मी सहा महिने वाचलंच नाही. तुम्ही या कामात येणार असाल तर पहिल्याच आठवड्यात तो मागून घ्या. स्वामित्वहक्काचं कलम आधी बघा. आम्ही लिहिलेल्या संहिता, चित्रं, प्रश्नपेढी, सगळं कंपनीचं झालं. पुढे बी.एड.च्या मुलींना नमुना म्हणून एक पाठ दाखवायचा तरी परवानगी मागावी लागली. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाची 'फेट' सिम्युलेशन्स (पडद्यावर हाताळून बघायचे गणित-विज्ञानाचे प्रयोग) २००२ पासून निघताहेत, फुकट आहेत, त्यातली कितीतरी मराठीतही आहेत. साहित्य कुणी, कसं वापरायचं या परवान्याचा निर्णय आधीच झाला की ते असं खुलं राहतं.

भाषेचं तर विचारूच नका. कंपनीच्या मूळ संहिता हिंदीत. त्यावरून कुणीतरी घाईने मराठी केलेलं. जुन्नर तालुक्यातल्या एका शाळेत पहिली चाचणी घ्यायला गेलो. पडद्यावर ३/४ आलं आणि आवाज म्हणाला, "या भिन्नातील हर आहे चार." वर्ग गप्प. मागच्या बाकावरून एक पोरगा हळूच म्हणाला, "हर हर महादेव!" पुढे दहा मिनिटं हसणंच चाललं. आपल्याकडे अपूर्णांक म्हणतात, खालच्या संख्येला छेद म्हणतात. 'भिन्न' म्हणजे वेगळं. बालभारतीचं पुस्तक शेजारी उघडं ठेवल्याशिवाय एक ओळ लिहू नका, हे मी तेव्हापासून प्रत्येक नव्या मुलीला सांगते.

त्याच शाळेत दुसरी गोष्ट कळली. अ‍ॅपला ओटीपी लागायचा, तो वडिलांच्या मोबाइलवर जायचा आणि वडील संध्याकाळपर्यंत शेतात. आमच्या बैठकांमध्ये ही अडचण कुणाच्या तोंडी आली नव्हती. टाटा समाजविज्ञान संस्था, एमआयटी आणि टाटा ट्रस्ट्स यांच्या 'क्लिक्स' उपक्रमात हायस्कूलच्या मुलांचं साहित्य शाळेच्या संगणक कक्षातल्या सर्व्हरवरच ठेवलं होतं. इंटरनेट गेलं तरी तास चालायचा. (टाटा ट्रस्ट्स म्हणजे कंपनी नव्हे, ठाऊक आहे.) राजस्थान, छत्तीसगड, तेलंगणा, मिझोराम अशा राज्यांत ते चाललं, त्यामागे हा साधा विचारही असणार.

मोजमापावरून भांडणं होतात, तयारी ठेवा. कंपनीला मूल अ‍ॅपवर किती मिनिटं थांबलं ते हवं असतं, आम्हाला पूर्वचाचणी-उत्तरचाचणीतला फरक. व्हिडिओ पूर्ण पाहणाऱ्या बऱ्याच मुलांनी १/३ पेक्षा १/४ मोठा सांगितला, हे मी तक्त्यात मांडलं तेव्हा बैठकीत चहा लवकर आला. मुलांची माहिती गोळा करताना पालकांची संमती घ्या. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूलच आहे.

वेळापत्रकही जुळत नाही. शाळा जूनमध्ये सुरू होते, कंपनीचं तिमाही उद्दिष्ट मार्चअखेर आणि आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पेपर तपासणी. मानधन वित्त विभागाच्या फाइलीत अडकतं. माझं एकदा तीन महिने अडकलं होतं. खोलीचं भाडं बाजूला काढून ठेवलेलं बरं.

'हर'चा 'छेद' करून पुन्हा आवाज भरायला कंपनीने पाच आठवडे घेतले. तो व्हिडिओ घेऊन आम्ही परत जुन्नरला गेलो. तोच पोरगा, तोच बाक. शेवटपर्यंत नीट ऐकलं त्याने आणि मग हात वर करून विचारलं, "मॅडम, महादेव काढला काय?"