एजन्सीला फोन लावण्याआधी

घरी केअरटेकर ठेवायचं ठरलं की आपण थेट एजन्सीला फोन लावतो. तिकडून पहिलाच प्रश्न येतो, ‘पेशंट बेडरिडन, म्हणजे अंथरुणाला खिळलेला आहे का?’ आणि आपण ‘हो... म्हणजे अगदीच तसं नाही’ असं काहीतरी पुटपुटतो. म्हणून फोनच्या आधी वही. सलग 24 तासांत आपल्या माणसाला कुठेकुठे हात द्यावा लागतो ते वेळेसकट लिहून काढा. रात्री किती वेळा उठावं लागतं ते तर मोजाच, 12 तासांची ड्युटी पुरेल की दिवसरात्र कुणी लागेल हे त्यावर ठरतं. (दिवसरात्र राहणाऱ्यालाही झोप लागते, हे आपण सोयीस्कर विसरतो.)

अटेंडंट हवी की नर्स, तेही त्याच वहीतून कळेल. अंघोळ, कपडे, भरवणं, डायपर अटेंडंट सांभाळते. इंजेक्शन, कॅथेटर (लघवीची नळी), जखमेचं ड्रेसिंग असेल तर प्रशिक्षित नर्सच मागा. ‘आमच्या मावशी सगळं करतात’ यावर जाऊ नका.

ओळखपत्र, पडताळणी, आधीच्या एकदोन घरांचे फोन, पैसे कोणाला आणि कधी द्यायचे, सुट्ट्या, कामं कुठली आणि कुठली नाहीत, हे सगळं लेखी घ्या. घरातल्या चौघांचा स्वयंपाक पेशंटच्या सेवेत मोडत नाही, हे आपणही मान्य करायचं. दागिने, रोकड, कार्डं कुलपात ठेवा. त्यात अविश्वास नाही, उद्या काही सापडलं नाही तर बिचारीवर आळ यायला नको.

खरा प्रश्न बदलीचा. ठरलेली बाई आली नाही तर किती तासांत दुसरी येणार, आणि तिला पेशंटची माहिती कोण देणार? आम्ही हे विचारलं नव्हतं. तीन आठवड्यांत चार चेहरे आले. पॅरालिसिसनंतर आईची वाचा गेली होती. चांगल्या हाताचं बोट गादीवर दोनदा टेकवलं म्हणजे लघवी, हे पहिलीला आम्ही सांगितलं, दुसरीला सांगायचं राहिलं, आणि आई ओल्या कपड्यांत तासभर बोट आपटत राहिली.

त्या दिवशी पलंगाच्या डोक्याशी कागद चिकटवला. बोटाची खूण सगळ्यात वर. खाली: ब्लाउज घालताना लुळा हात आधी, काढताना शेवटी. भरवताना ताठ बसवायचं, नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. झोपलेली असताना दर दोन तासांनी कूस बदलायची. माकडहाड आणि टाचा लाल दिसल्या तर लगेच सांगायचं. औषधांचा तक्ता, डॉक्टरांचा आणि आमचा नंबर. तुमचा कागद वेगळा असेल, पण बाई यायच्या आधी तो भिंतीवर हवा.

पहिले दोन दिवस रजा काढून घरी थांबा. सारखं डोक्यावर उभं राहू नका, पण पलंगावरून खुर्चीत बसवताना मात्र समोर हजर राहा. लुळ्या हाताला धरून किंवा काखेत हात घालून ओढलं तर खांदा दुखावतो. कमरेला आधार देऊन उठवते का, व्हीलचेअरचे ब्रेक आधी लावते का, ते बघा. आणि उठवायच्या आधी ती पेशंटला सांगते का, ‘आजी, आता उठायचं हं’? आमच्या चौथ्या मावशी सांगायच्या. त्यांना आम्ही बदलू दिलं नाही.